आक्काचा नवा फोन



आज पाढे नाहीत आणि जोडाक्षरेही नाहीत. आज आपण फोनविषयी बोलू.

गेल्या बुधवारी वर्ग सुटला. तिघीजणी मागे थांबल्या. एकीने पिशवीतून फोन काढला. त्याच्या काचेला तडा गेलेला. ती म्हणाली, "गुरुजी, हा आता चालत नाय. दुकानवाला सांगतो, नवा घ्या. पोरगा सांगतो, मी आणतो. कुठला घेऊ?" आम्ही म्हटले, "बाई, पुढच्या बुधवारी सांगतो."

उत्तर लगेच दिले नाही, त्याला कारण आहे. साधा चांगला फोन दहा-बारा हजारांना पडतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने साध्या भाताला क्विंटलमागे २,३६९ रुपये हमीभाव जाहीर केला. त्या हिशेबाने बारा हजार म्हणजे पाच क्विंटल भात. पाच क्विंटल भात कोणी दोन मिनिटांत, दुसऱ्याच्या सांगण्यावरून देऊन टाकतो का? फोन घेताना मात्र आपण तसेच करतो.

आम्ही मॅट्रिक शिकलेले. फोनची विद्या आम्हाला कोणत्याच शाळेत मिळाली नाही. जी थोडी आली ती ठेचा खाऊन आली. म्हणून आज आम्ही मोठे व्याख्यान देत नाही. आमच्या आक्काने गेल्या वर्षी फोन बदलला. तो कसा बदलला तेवढे सांगतो.

आमची आक्का रोह्याजवळ राहते. आम्ही पेणला. ती आमच्याहून चार वर्षांनी मोठी. आम्हाला शाळेत घातले, तिला गुरांमागे धाडले. त्या काळी असेच होत असे. पुढे तिचे लग्न झाले, संसार झाला, यजमान वारले. सही म्हणजे अंगठा. पण उतारवयात ती वर्गाला बसली. १७ मार्च २०२४ ला सबंध महाराष्ट्रात नवसाक्षरांची परीक्षा झाली, तुमच्यातल्याही काहींनी ती दिली असेल. त्या परीक्षेला आक्का बसली आणि पास झाली. आता ती अक्षर अक्षर लावून वाचते. वाचताना ओठ हलतात, पण वाचते.

तिच्याकडे मुलाने दिलेला फोन होता. सात वर्षांचा. तो कुरकुर करू लागला. सकाळी पूर्ण भरलेला फोन जेवणवेळेपर्यंत मान टाकायचा. तिने आम्हाला बोलावले. आम्ही पेणहून मेमू गाडी धरली, नागोठणे मागे टाकले आणि रोह्याला उतरलो.

आता पाहा. फोन जुना झाला असे आपण म्हणतो. पण म्हातारपण दोन तऱ्हेचे असते. एक अंगाचे आणि एक आतले.

अंगाचे म्हणजे बॅटरी, काच, चार्जिंगचे भोक. बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. ती जितक्या वेळा भरावी, रिकामी करावी, तितकी तिची धारण करण्याची ताकद कमी होते. उष्णतेने तर लवकरच होते. म्हणून फोन उन्हात, चुलीजवळ किंवा उशीखाली चार्जिंगला ठेवू नये. युरोपातल्या देशांनी २० जून २०२५ पासून एक नियम लागू केला आहे. तिथे विकायच्या फोनची बॅटरी ८०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली तरी तिच्यात मूळच्या शंभरातला ८० भाग जोर उरलाच पाहिजे. आठशे वेळा म्हणजे रोज एकदा भरली तर दोन वर्षांहून थोडे अधिक. यावरून समजा, सात वर्षांच्या बॅटरीत काय उरत असेल!

पण नुसती बॅटरी गेली असेल तर फोन टाकू नका. चांगल्या कारागिराकडून बॅटरी बदलून घ्या. नव्या फोनच्या किमतीपुढे तो खर्च थोडा असतो. बैलाचा नाल झिजला म्हणून कोणी बैल विकत नाही.

कित्येकदा तर बॅटरीचाही दोष नसतो. फोन नुसता भरून गेलेला असतो. रोज सकाळी फुलांची चित्रे येतात, शुभ सकाळ, शुभ रात्र. लग्नांचे व्हिडिओ येतात. एकही पुसायचे नाही. मग फोन जड होतो आणि आपण म्हणतो, फोन म्हातारा झाला. आक्काच्या फोनमधून आम्ही अशी दोन हजारांवर चित्रे पुसली. फोन थोडा हलका झाला. पण दुखणे बरे झाले नाही.

कारण दुसरे म्हातारपण आले होते, आतले. ते असे. आपली कौलारू घरे आहेत. पावसाळ्याआधी आपण शाकारणी करतो. फुटके कौल काढतो, नवे बसवतो. दोन वर्षे शाकारली नाहीत तर घर गळते. फोनचेही तसेच आहे. फोन करणारी कंपनी काही वर्षे त्याची आतली दुरुस्ती घरबसल्या पाठवत असते. चोरांनी नवी वाट शोधली की कंपनी ती बुजवते. त्याला 'अपडेट' म्हणतात. ही शाकारणी काही वर्षांनी बंद होते. मग फोन दिसायला धड असतो, पण आतून गळू लागतो. बँकेचे अ‍ॅप म्हणते, ह्या फोनवर मी चालणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपनेही २०२३ च्या ऑक्टोबरपासून अँड्रॉइड ५ च्या आतले फोन सोडून दिले. आक्काच्या फोनची शाकारणी चार वर्षांपूर्वीच थांबली होती. बँकेचे अ‍ॅप उघडेनासे झाले होते.

तेव्हा पहिली परीक्षा ही. अंगाचे म्हातारपण असेल आणि शाकारणी चालू असेल, तर दुरुस्त करा. शाकारणी बंद असेल आणि त्या फोनवर पैशाचे व्यवहार असतील, तर नवा घ्या.

आणखी एक गोष्ट आम्हाला त्या दिवशी दिसली. फोनची पाठ उचलली गेली होती. बॅटरी फुगली होती! आक्का म्हणाली, "मी रबर लावलंय ना." आम्ही तो तत्काळ बंद करायला लावला. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये. तसा फोन उशाला घेऊन झोपू तर मुळीच नये. हे सारे सोडून दुसरे काही तुमच्या लक्षात राहिले नाही तरी चालेल. एवढे राहू द्या.

त्या संध्याकाळी आमचा भाचा पनवेलहून आला. मुलगा चांगला, कमावता. आईसाठी काय करू आणि काय नको असे त्याला झालेले. तो म्हणाला, "मामा, मी ठरवलंय. तीस हजारांचा घेतो. हप्त्याने. कॅमेरा बघा, काच बघा, कडेला वळलेली आहे."

आक्का गप्प होती. मग म्हणाली, "वळलेली काच कशाला रे? माझ्या हातून निसटेल."

"आई, तुला त्यातलं कळत नाही."

हे वाक्य आक्काने जन्मभर ऐकले होते. बापाकडून ऐकले, नवऱ्याकडून ऐकले. खोटे कशाला बोला, आमच्याकडूनही ऐकले. पण या खेपेला ती उठली. वर्गातली वही आणली. पेन्सिल घेतली आणि कंदिलाच्या जागी आता जो दिवा आहे त्याच्या उजेडात लिहीत बसली. पाऊण तास लागला. आम्ही दोघे बघत होतो. वही तिने आमच्यापुढे ठेवली. त्यात असे लिहिले होते:

अक्षर मोठे पाहिजे. उनात दिसले पाहिजे. आवाज मोठा पाहिजे. लाईट गेली तरी दोन दिवस पाहिजे. बँक चालली पाहिजे. शेतात फोटो निघाला पाहिजे. माझा मला कळला पाहिजे.

'उन्हात'मधला ह राहिला होता. आम्ही मास्तर, पण तो दाखवला नाही.

मंडळी, फोन निवडण्याची याहून चांगली यादी आम्ही अजून पाहिली नाही. बघा, प्रत्येक ओळीमागे काम आहे. शेतात फोटो कशाला? तर ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात शेतकऱ्याने आपले पीक आपणच फोनवरून नोंदवायचे आहे. शेतात उभे राहून फोटो काढायचा. फोनला तुम्ही कोणत्या जागी उभे आहात ते आकाशातल्या उपग्रहांवरून कळावे लागते. पिकाची नोंद सातबाऱ्यावर नसली तर नुकसानभरपाईच्या वेळी हात हलवत बसावे लागते. आक्काच्या जुन्या फोनला ती जागाच सापडत नसे. दर वर्षी ती शेजारच्या पोराला चहा पाजून नोंद करून घेई.

लाईट गेली तरी दोन दिवस, हे तिने का लिहिले ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावांत पुष्कळ दिवस वीज नव्हती. मोबाइलचे मनोरेही बंद पडले होते, तेव्हा बॅटरी असून पहिले काही दिवस उपयोग नव्हता, हेही खरे. पण मनोरा चालू झाला त्या दिवशी ज्याचा फोन जिवंत होता त्याने मुंबईला कळवले, आम्ही सुखरूप आहोत. आक्काचा फोन मेलेला होता. भाचा दोन दिवस वाट काढत, पडलेली झाडे ओलांडत आईला बघायला आला होता. ते त्याला आठवले असावे. वही वाचून तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, उद्या तू पण दुकानात चल."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे रोह्याच्या बाजारात गेलो. दुकानदार भला माणूस होता. त्याने चार पेट्या पुढे मांडल्या. पेटीवर मोठमोठे आकडे असतात. त्यांनी माणूस दिपून जातो. त्यांतले थोडे समजून घेऊ.

एक असते रॅम आणि एक असते साठवण. दोन्ही 'जीबी'त मोजतात, म्हणून घोटाळा होतो. शाळेतली खूण सांगतो. साठवण म्हणजे कपाट. त्यात वह्या-पुस्तके कायमची राहतात. रॅम म्हणजे फळा. त्यावर चालू धडा लिहायचा, झाला की पुसायचा. फळा लहान असला तर सारखे पुसावे लागते आणि काम रेंगाळते. पेटीवर कुठे लिहिलेले असते, ८ जीबी रॅम. बारीक अक्षरांत खाली असते, ४ अधिक ४. म्हणजे खरा फळा चारचाच. उरलेले चार म्हणजे कपाटाच्या दारावर खडूने लिहायचे. लिहिता येते, पण फळ्याची सर येत नाही. तेव्हा विचारा, "खरी रॅम किती?" बँक, व्हॉट्सअ‍ॅप, फोटो एवढे काम असेल तर हल्ली खरी ६ असली तर बरे, ४ म्हणजे ओढाताण. साठवण १२८ असावी.

कॅमेऱ्याचे आकडे आम्ही सोडून देतो. पन्नास मेगापिक्सेल असोत की शंभर, दुकानाबाहेर येऊन एक फोटो काढा, झाडाखाली सावलीत एक काढा, आणि बघा. चेहरा ओळखू आला, सातबाऱ्याचा कागद वाचता आला, की झाले.

पाण्याचे बघा. पेटीवर आयपी असे लिहून दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५४ असेल तर शिंतोडे सोसतो. ६७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो. पण ही परीक्षा गोड्या पाण्यातली. खाडीचे खारे पाणी वेगळे. शिवाय पाण्याने बिघडला तर गॅरंटीत बहुधा धरत नाहीत. तेव्हा पावसात प्लॅस्टिकची पिशवी सोडू नका.

५जी आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाले. ५जीचा फोन ४जीवरही चालतो. किंमत सारखी असेल तर ५जीचा घ्या, फोन पुढे चार-पाच वर्षे वापरायचा आहे. पण तुमच्या वाडीत कोणत्या कंपनीची रेघ येते ते आधी बघा. रेघच येत नसेल तर ५जी काय कामाचे?

आता सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तो दुकानात कोणी विचारत नाही. शाकारणी किती वर्षे? काही महागड्या फोनना कंपन्या सात वर्षांचे वचन देतात. स्वस्त फोनना दोन-तीन, काहींना चार किंवा जास्त. यात एक मेख आहे. ही वर्षे बहुतेक करून तो फोन पहिल्यांदा बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात. तुम्ही घेतला त्या दिवसापासून नव्हे. दोन वर्षे जुना नमुना सवलतीत मिळाला तर त्याची दोन वर्षे आधीच सरलेली असतात. भाच्याने आपल्या फोनवर कंपनीचे पान उघडून पाहिले. दुकानदाराने सांगितलेल्या पहिल्या फोनची शाकारणी दहा महिन्यांत संपणार होती. किंमत हजार रुपयांनी कमी होती ती का, ते तेव्हा कळले. दुकानदारालाही ते ठाऊक नव्हते.

आक्का मात्र आपली वही हातात धरून उभी होती. ती म्हणाली, "मराठी करून दाखवा." दुकानदाराने फोनची भाषा मराठी केली. "अक्षर मोठं करा." केले. एका फोनवर मोठी अक्षरे एकावर एक चढली, अर्धे शब्द दिसेनात. तो तिने बाजूला ठेवला. दुसरा घेऊन ती सरळ रस्त्यावर उन्हात गेली. दुकानदार घाबरून मागे धावला! ती उन्हात उभी राहून वाचत होती, "सं-प-र्क. सं-दे-श." परत आली आणि म्हणाली, "हा दिसतो."

मग अंगठ्याची गंमत झाली. हल्ली फोन बोटाच्या ठशाने उघडतो. दुकानदाराने आक्काचे बोट टेकवून घेतले. उठेना. दुसरे घेतले. उठेना. साठ वर्षे भात लावून, शेणी थापून बोटांच्या रेषा झिजलेल्या. रेशनच्या दुकानातही तिला हाच त्रास होतो. भाचा हिरमुसला. आक्का हसली. म्हणाली, "अंगठा नको. आकडे टाकते. आकडे येतात मला." तिने चार आकड्यांचे कुलूप स्वतः लावले आणि आम्हा दोघांनाही ते सांगितले नाही. ते बरोबरच केले.

फोन साडेअकरा हजारांचा ठरला. तीस हजारांची गोष्ट पुन्हा निघाली नाही. हप्त्याविषयी एवढेच सांगतो. बिनव्याजी म्हणतात, पण फाइलचा खर्च, विमा असे काही वर लावतात. एकूण किती रुपये द्यायचे तो आकडा कागदावर लिहून मागा आणि रोखीच्या किमतीशी ताडून बघा.

पक्के बिल घ्या. पेटी उघडण्याआधी तिच्यावर छापलेला महिना आणि वर्ष वाचा. प्रत्येक फोनला पंधरा आकड्यांचा क्रमांक असतो, त्याला आयएमईआय म्हणतात. तो पेटीवर असतो, बिलावर असतो, आणि फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की दिसतो. तिन्ही ठिकाणी एकच आहे ना, ते बघा. कोणी वापरलेला फोन स्वस्तात देत असेल तर हे आणखी जपून करा. तो क्रमांक १४४२२ वर संदेश करून तपासता येतो. आधी केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग जागा सोडून तो क्रमांक. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळते. तुमचा फोन हरवला तर पोलिसांत तक्रार द्या आणि सरकारच्या संचार साथी या ठिकाणी तो बंद करवून घ्या. २०२३ पासून ही सोय सबंध देशात आहे. त्यालाही हाच क्रमांक लागतो. म्हणून वहीत लिहून ठेवा.

आमच्या पेणचे एक मूर्तिकार आहेत. त्यांची यादी आक्कापेक्षा अगदी निराळी होती. त्यांच्या कारखान्यात शाडूची धूळ. हात सदा ओले. मुंबईचे गिऱ्हाईक फोनवर मूर्तीचा फोटो मागते, डोळ्यांची आखणी जवळून दाखवा म्हणते. त्यांना चांगला कॅमेराच हवा, आणि धूळ-पाण्याचा आकडाही मोठा हवा. त्यांनी वीस हजार घातले, ते वाया गेले नाहीत. पण त्यांनी फोन श्रावणात बदलला, ऐन हंगामात! दोन दिवस जुन्या ऑर्डरी सापडेनात. आता म्हणतात, फोन बदलायचा तर दिवाळीनंतर.

आणि ज्यांना फक्त बोलायचे आहे त्यांनी लाजू नये. बटणाचा फोन आठवडाभर चालतो. मार्च २०२२ पासून बटणाच्या फोनवरूनही यूपीआयने पैसे पाठवता येतात. शेजारणीकडे आहे म्हणून घेण्याची ही वस्तू नव्हे.

आता आमची ठेच सांगतो. २०१९ साली आम्ही फोन बदलला. दुकानात जुना देऊन नवा घेतला. जुन्याचे सातशे रुपये मिळाले. मोठा व्यवहार केला असे वाटले. घरी आलो आणि लक्षात आले, आमच्या आईचा शेवटच्या गौरी-गणपतीचा फोटो जुन्या फोनमध्येच होता. आई गौरीपुढे बसलेली, हातात तेरड्याची फुले. दुसरा फोटो कुणाकडेच नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. फोन पुसून पुढे गेला होता. दुकानदाराची चूक नाही, घाई आमची. आक्काने तेव्हा विचारले होते, "बाळा, आईचा फोटो आहे ना रे?" आम्ही नाही म्हटल्यावर ती चुलीकडे वळली. सातशे रुपये!

म्हणून गेल्या वर्षी दुकानदाराने जुन्या फोनचे आठशे देतो म्हटले, तेव्हा आक्काच आधी बोलली, "नाय. जुना माझ्याकडेच राहील."

फुगलेली बॅटरी कारागिराने काढली आणि दुसरी जुजबी बसवली, एवढ्यापुरती. त्या रात्री आम्ही फोनचे घर बदलले. क्रम सांगतो. आधी फोन-क्रमांकांची यादी गुगलच्या खात्यात चढवली. मग फोटो नव्या फोनमध्ये घेतले. मग जुन्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून त्याची नक्कल ठेवली, त्याला बॅकअप म्हणतात. हे सगळे झाल्यावरच सिम काढून नव्यात घातले. नंबर तोच ठेवला. आधार, बँक, गॅस, सगळे त्या नंबराला बांधलेले आहे. नंबर बदलला तर ओटीपी भलतीकडे जाईल. बँकेचे आणि यूपीआयचे अ‍ॅप नव्या फोनवर नव्याने नोंदवावे लागते. त्या वेळी सिम त्याच फोनमध्ये हवे आणि संदेश पाठवण्यापुरते पैसे सिमवर हवेत. नेमक्या याच वेळी चोर फोन करतात, "बँकेतून बोलतो, तुमचा फोन बदलला ना, ओटीपी सांगा." सांगू नका. मुलाला सांगू नका, मास्तरला सांगू नका, कोणालाच नका. पैसे गेले तर त्याच घटकेला १९३० ला फोन लावा. जितका उशीर तितके पैसे दूर जातात.

जुना फोन महिनाभर तसाच ठेवला. काही राहिले का ते बघितले. एक राहिलेच होते. यजमानांनी एकदा शेतावरून बोलून पाठवलेला निरोप, अर्ध्या मिनिटाचा. पोपटीला वाल आणतो, मडके काढून ठेव, एवढाच. तो नव्या फोनमध्ये आला नव्हता. भाच्याने तो शोधून काढला आणि दोन ठिकाणी ठेवला. मग जुन्या फोनमधले गुगलचे खाते काढले, फोन सगळा पुसला, बॅटरीसकट कारागिराकडे जमा केला. फोन उकिरड्यावर टाकू नका आणि जाळू तर नकाच.

पंधरा दिवसांनी आक्काचा आम्हाला फोन आला. सकाळी सहाला. आम्ही घाबरलो. ती म्हणाली, "ऐक, वाचते." बँकेचा संदेश होता. इंग्रजी अक्षरे तिला येत नाहीत, पण इंग्रजी आकडे ती वर्गात शिकली आहे. "दोन, शून्य, शून्य, शून्य. दोन हजार जमा झाले. शेतकऱ्यांचे. पोराला नाय विचारलं."

असो. साडेआठ झाले. शेवटची गाडी ज्यांना गाठायची आहे त्यांनी निघावे. बाकीच्यांनी आपापले फोन आणि वही घेऊन पुढे या. गेल्या बुधवारच्या बाईंनी आधी यावे. फोन बंद चालू करून बघू, पाठ फुगली आहे का ते बघू, आणि शाकारणी शेवटची कधी झाली ती तारीख शोधू. नवा घ्यायचा की नाही ते मग ठरवा. यादी मात्र तुमची तुम्ही लिहायची.